तिकीट विकणाऱ्याची जबाबदारी

कलावंताने सार्वजनिक प्रश्नांवर भूमिका घ्यावी की नाही, हा वाद आपल्याकडे दर काही वर्षांनी उसळतो. गायकाने बोलावं का, नटाने पत्रकावर सही करावी का, लेखकाने पुरस्कार परत करावा का. या सगळ्या गदारोळात कार्यक्रम भरवणारा माणूस मात्र अलगद सुटतो. सभागृह कुठलं घ्यायचं, तिकीट कुणाला विकायचं, कलावंतांना कुठे उतरवायचं, कुणाला किती बिदागी द्यायची, हे सगळं तो ठरवतो. तरी भूमिकेचा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही. माझ्या मते तो आधी त्यालाच विचारायला हवा. माझं हे मत घडलं ते अमेरिकेतल्या एका जॅझ निर्मात्याच्या कारकिर्दीकडे पाहून. त्याचं नाव नॉर्मन ग्रांझ.

जॅझ ऐकणाऱ्यांना हे नाव तबकडीच्या पाकिटावर, खाली कुठेतरी, बारीक अक्षरांत भेटलेलं असतं. कोल पोर्टरची गाणी गाणारी एला फिट्झेराल्ड, तासन्‌तास एकट्याने पियानो वाजवणारा आर्ट टेटम, व्हायोलिनांच्या ताफ्यासोबत सॅक्सोफोन वाजवणारा चार्ली पार्कर, शेवटच्या वर्षांतली गायिका बिली हॉलिडे, पियानोवादक ऑस्कर पीटरसनची कितीतरी ध्वनिमुद्रणं. क्लेफ, नॉरग्रॅन, व्हर्व्ह आणि पाब्लो ही रेकॉर्ड लेबलं त्याची. हा ऐवज इतका मोठा आहे की त्याच्यावर लिहिणारे बरेचजण तिथेच रमतात, आणि वर्णभेदाविरुद्धचं त्याचं काम शेवटच्या परिच्छेदात उरकून टाकतात, जणू तो त्याच्या स्वभावाचा एक चांगला पैलू होता. मला ही मांडणी उलटी वाटते. त्याच्या धंद्याची घडणच या कामातून झाली.

ग्रांझचा जन्म १९१८ चा, लॉस एंजेलिसचा. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू. तरुणपणी तो एमजीएम स्टुडिओत फिल्म संकलनाच्या खात्यात काम करायचा आणि रात्री क्लबांमध्ये जॅझ ऐकत बसायचा. लॉस एंजेलिस म्हणजे दक्षिणेतलं मिसिसिपी नव्हे. काळ्यांना वेगळं बसवा असा कायदा कॅलिफोर्नियात नव्हता. पण शहरातल्या वादकांच्या संघटनासुद्धा दोन होत्या, गोऱ्यांची ४७ क्रमांकाची आणि काळ्यांची ७६७ क्रमांकाची, आणि त्या एक व्हायला १९५३ साल उजाडलं. क्लबांमध्ये मंचावर काळे वादक चालत, टेबलाशी काळं गिऱ्हाईक चालत नसे. १९४२ च्या सुमारास बिली हॉलिडे बिली बर्ग नावाच्या मालकाच्या क्लबात गात होती. तिला ऐकायला आलेल्या तिच्या काळ्या मित्रांना दारातूनच परत पाठवलं गेलं. ती रडली. हे कळल्यावर ग्रांझ थेट बर्गकडे गेला.

तो काय घेऊन गेला हे नीट पाहण्यासारखं आहे. त्याने बर्गला धंद्याचा प्रस्ताव दिला. संघटनेच्या नियमाप्रमाणे क्लबातल्या वादकांना आठवड्यातून एक सुट्टी असे आणि त्या रात्री धंदा थंड असे. त्या रात्री मी शहरातले उत्तम वादक आणून जॅम सेशन, म्हणजे वादकांची उत्स्फूर्त मैफल, भरवतो, असं ग्रांझने सांगितलं, आणि तीन अटी घातल्या. वादकांना रोख पैसे मिळतील, कारण जॅम सेशनला एरवी फुकट वाजवून घ्यायची रीत होती. नाचायच्या जागेवर टेबलं मांडली जातील, म्हणजे लोक ऐकायला बसतील. आणि काळे-गोरे कुणीही येईल, कुठेही बसेल. बर्गने हे मान्य केलं आणि त्या रात्री क्लब भरू लागला.

या तीन अटी मला एकाच अटीची तीन रूपं वाटतात. वादकाला पैसे द्या, त्याचं संगीत ऐका, त्याच्या माणसांना आत घ्या. यातली कुठलीही एक गाळली की उरलेल्या दोन पोकळ होतात. कलेचा गौरव करायचा आणि कलावंताच्या भावाला दारात अडवायचं, ही त्या काळची सर्वमान्य रीत होती, आणि ग्रांझला ती पोटातून सहन होत नव्हती.

२ जुलै १९४४ ला त्याने लॉस एंजेलिसच्या फिलहार्मोनिक ऑडिटोरियममध्ये, म्हणजे अभिजात पाश्चात्त्य संगीताच्या सभागृहात, जॅझची मैफल भरवली. कारणही साधं नव्हतं. स्लीपी लगून नावाने गाजलेल्या खून खटल्यात सतरा मेक्सिकन-अमेरिकन तरुणांना पुराव्याचा पत्ता नसताना दोषी ठरवलं गेलं होतं, आणि त्यांच्या बचाव समितीसाठी हा निधी उभा करायचा होता. नॅट किंग कोल पियानोवर होता, लेस पॉल गिटारवर, इलिनॉय जकेट सॅक्सोफोनवर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वरच्या न्यायालयाने त्या तरुणांची शिक्षा रद्द केली. मैफलीचं लांबलचक नाव जाहिरातीत मावेना म्हणून छापखान्यात ते छाटून 'जॅझ ॲट द फिलहार्मोनिक' झालं, आणि तेच पुढे फिरत्या जलशाचं नाव झालं. १९४६ मध्ये त्या सभागृहाने त्याला दार बंद केलं. प्रेक्षक बेशिस्त आहेत असं कारण दिलं गेलं. ग्रांझचं म्हणणं होतं की प्रेक्षकांत काळ्या-गोऱ्यांच्या जोड्या शेजारी बसतात, ते व्यवस्थापनाला खुपतं. नाव मात्र त्याने बदललं नाही.

१९४४ चीच आणखी एक गोष्ट. वॉर्नर ब्रदर्ससाठी छायाचित्रकार योन मिली याने जॅझवर दहा मिनिटांचा एक लघुपट केला, त्यातली वादकांची जमवाजमव ग्रांझची होती. सगळ्या काळ्या वादकांमध्ये बार्नी केसल हा एकटा गोरा गिटारवादक. असा मिश्र संच पडद्यावर दाखवायला स्टुडिओ राजी नव्हता. केसलला काढणार नाही, असं ग्रांझने सांगितलं. शेवटी तडजोड निघाली. केसलला अंधाऱ्या सावलीत उभं केलं आणि जवळून टिपलेल्या चित्रांसाठी त्याच्या हातांना बेरीचा रस फासून ते काळे केले. लघुपट देखणा आहे, सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगची तिरपी टोपी आणि तिच्यावर चढणारा सिगारेटचा धूर कुणी विसरणार नाही. पण जिथे पैसा आणि पडदा दुसऱ्याचा असतो, तिथे तत्त्व इतपतच तग धरतं हे त्यात दिसतं. पुढच्या सगळ्या कारकिर्दीत ग्रांझने सभागृह स्वतः भाड्याने घेणं, लेबल स्वतःचं काढणं, कलावंताचं व्यवस्थापन स्वतः पाहणं हा मार्ग धरला. त्याची बीजं मला या सावलीत उभ्या केलेल्या गिटारवादकात दिसतात.

जलसा अमेरिकाभर फिरू लागला तेव्हा ग्रांझने आपली अट करारात लिहिली. प्रेक्षकांना वर्णावरून वेगळं बसवलं तर कार्यक्रम होणार नाही. ही एक ओळ तेव्हा किती महाग होती ते समजून घ्यायला हवं. दक्षिणेत काळ्यांना बाल्कनी, गोऱ्यांना खाली, किंवा मध्ये दोरी, किंवा एक रात्र यांची आणि एक रात्र त्यांची, असाच शिरस्ता होता. मोठमोठे वाद्यवृंद, काळे नायक असलेलेसुद्धा, हे निमूट स्वीकारून वाजवत, कारण नकार दिला तर पोटावर पाय येई. ग्रांझ शहरंच्या शहरं सोडून द्यायला तयार असे. त्याचबरोबर सगळे वादक एकाच दर्जाच्या हॉटेलात उतरतील, एकाच विमानाने जातील, आणि त्या काळी जॅझमध्ये जे उत्तम मानधन असेल ते त्यांना मिळेल, हेही तो बघे. शेजारी काळा माणूस बसलाय म्हणून कुणा गोऱ्या प्रेक्षकाने जागा बदलून मागितली तर त्याला तिकिटाचे पैसे परत दिले जात, जागा बदलून मिळत नसे. ऑस्कर पीटरसनने सांगितलेली हकिगत अशी की, गोऱ्या टॅक्सीवाल्यांनी काळ्या वादकांना गाडीत घ्यावं म्हणून ग्रांझ हटून उभा होता आणि त्या वेळी एका पोलिसाने भरलेलं पिस्तूल त्याच्या पोटावर रोखलं होतं. १९५४ मध्ये ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एला फिट्झेराल्डला होनोलुलूत पुढच्या विमानात चढू दिलं गेलं नाही, तेव्हा पॅन ॲम कंपनीवर खटला भरला गेला आणि कंपनीला तडजोड करून पैसे मोजावे लागले.

ह्यूस्टनची रात्र तपशिलात सांगावी लागेल. ७ ऑक्टोबर १९५५. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने देऊन दीड वर्ष होत आलं होतं, आणि मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा खून होऊन सहा आठवडे. रोझा पार्क्स बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठायला नकार देणार होत्या त्याला अजून दोन महिने होते. इलिनॉय जकेट ह्यूस्टनमध्ये वाढलेला, आणि आपल्या गावात एकदा तरी मिश्र प्रेक्षकांपुढे वाजवायचं ही त्याची इच्छा. ग्रांझने म्युझिक हॉल घेतला. स्वच्छतागृहांवरच्या 'गोरे' आणि 'काळे' अशा पाट्या काढून टाकल्या. बंदोबस्ताला स्थानिक पोलीस पैसे देऊन ठेवले. कार्यक्रम सुरू झाला, प्रेक्षक मिसळून बसले, गडबड काहीही झाली नाही.

गडबड मंचामागे झाली. पहिल्या खेळाच्या दरम्यान साध्या वेशातले पोलीस एलाच्या खोलीत घुसले. आत ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी आणि जकेट फासे टाकत बसले होते, एला कॉफीबरोबर 'पाय' नावाचा गोड पदार्थ खात होती, तिची मदतनीस शेजारी होती. जुगाराच्या आरोपाखाली पोलिसांनी सगळ्यांना धरलं, ग्रांझलाही. एक पोलीस स्वच्छतागृहाकडे वळला तेव्हा तो तिथे अमली पदार्थ ठेवून मग सापडले म्हणेल, ही भीती ग्रांझला वाटली आणि तो दारात उभा राहून त्याच्यावर नजर ठेवू लागला. त्या पोलिसाने त्याच्यावर पिस्तूल रोखलं आणि ठार मारायची भाषा केली. मग सगळ्यांना चौकीत नेलं. तिथे एका पोलिसाने एलाकडे आठवण म्हणून स्वाक्षरी मागितली. दंड माणशी दहा डॉलर. दुसऱ्या खेळाच्या आत ते परत आले आणि ठरल्याप्रमाणे वाजवलं. प्रेक्षकांना यातलं काही कळलं नव्हतं.

दहा डॉलर भरून विषय मिटला असता. ग्रांझने वकील लावले, दंडाच्या कितीतरी पट पैसे खर्च केले आणि आरोप रद्द करून घेतले. व्यवहाराच्या हिशेबात हा शुद्ध तोटा. पण आरोप तसाच राहिला असता तर ह्यूस्टनच्या पोलिसांनी मिश्र प्रेक्षक आणणाऱ्या प्रत्येकाला धडा शिकवायची एक सोपी रीत शोधली असती, हे त्याने ओळखलं होतं.

आता सहा महिने पुढे जाऊ. १० एप्रिल १९५६, बर्मिंगहॅम, अलाबामा. फिलहार्मोनिकच्या त्या पहिल्या मैफलीत पियानोवर बसलेला नॅट किंग कोल आता देशभर लाडका गायक झालेला. त्या संध्याकाळी त्याच्यासमोर फक्त गोरे प्रेक्षक होते, काळ्यांसाठी वेगळा खेळ ठेवलेला. तो गात असताना काही गोरे वर्णवर्चस्ववादी मंचावर धावून गेले आणि त्यांनी त्याला खाली पाडलं. मार बसला तो बसलाच, त्यानंतर त्याच्याच समाजातून त्याच्यावर कडक टीका झाली: वेगळ्या बसवलेल्या प्रेक्षकांपुढे तू गायलासच का? कोलचं म्हणणं होतं की मी गायक आहे, एकट्याने दक्षिण बदलू शकत नाही. काही ठिकाणी काळ्यांच्या वस्तीतून त्याच्या तबकड्या हटवल्या गेल्या. पुढे तो नागरी हक्कांच्या संघटनेचा आजीव सभासद झाला.

टीका करणाऱ्यांचा संताप मला समजतो. पण ज्याने मार खाल्ला त्यालाच जाब विचारला गेला, आणि ज्यांनी तो दौरा आखला, सभागृह घेतलं, दोन वेगळ्या खेळांची तिकिटं विकली, त्यांची नावं आज आपल्याला ठाऊकसुद्धा नाहीत. हेच मला खटकतं. १९४४ मध्ये आणि १९५६ मध्ये मंचावरचा माणूस एकच होता. बदलला होता तो तिकीट विकणारा. अट घालायची ताकद ज्याच्या हातात असते, जबाबदारीही त्याच्याच हातात असायला हवी. कोलला त्या सभागृहात नाही म्हणायचं तर एकट्याने आणि बिदागीवर पाणी सोडून म्हणावं लागलं असतं. ग्रांझच्या जलशातल्या वादकाला ते एकट्याने म्हणावं लागत नसे, त्याच्या वतीने करार बोलत असे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. काळ्यांच्या लढ्यात गोऱ्या निर्मात्याला नायक करू नका. हा आक्षेप मी मनापासून मानतो, आणि मराठी वाचकाला तर तो चटकन समजावा. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांच्या प्रश्नाचा आपण अभ्यास केल्याचं आणि त्यांची स्थिती अस्पृश्यांसारखीच असल्याचं कळवलं होतं. ही सांगड पुढे अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेल्या दलित पँथरच्या नावापर्यंत आली. तेव्हा महाडकडे पाहावं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ ला मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं असल्याचा ठराव पुढच्याच वर्षी केला. पाण्याला हात लावायला मात्र २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन जावं लागलं, आणि लोकांनी मार खाल्ला. तो हक्क तिथे गेलेल्यांनी बजावला, त्याचं श्रेय त्यांचंच. अमेरिकेतही वादकांच्या दोन संघटना एक करण्यासाठी बडी कॉलेट आणि चार्ल्स मिंगस यांच्यासारखे काळे वादक झगडले, ह्यूस्टनचा आग्रह जकेटचा होता.

ग्रांझची जागा त्या सत्याग्रहींची नव्हे. त्याची जागा नगरपालिकेची आहे. तळ्याचा कारभार ज्याच्याकडे असतो त्याने ठराव करावा, आणि तो पाळला जाईल हे दारात उभं राहून पाहावं, एवढंच त्याचं काम. महाडच्या नगरपालिकेने ठराव केला आणि हात झटकले. ग्रांझने कलम लिहिलं आणि स्वच्छतागृहाच्या दारात पिस्तुलासमोर उभा राहिला. त्याला नायक म्हणू नये, हे ठीक. पण कारभाऱ्याने आपलं काम नीट केलं तर काय होतं हे दाखवणारी उदाहरणं इतकी कमी आहेत की त्याचं नाव घेण्यात मला संकोच वाटत नाही.

दुसरा आक्षेप, त्याने यातून पैसा कमावला. कमावला, भरपूर कमावला. व्हर्व्ह त्याने १९६० च्या अखेरीस एमजीएमला पंचवीस लाख डॉलरच्या घरात विकलं, पिकासोची चित्रं घेतली, स्वित्झर्लंडमध्ये राहिला. त्याच्या जलशात सॅक्सोफोनवाले प्रेक्षकांना चेतवण्यासाठी कर्कश किंचाळतात, ही समीक्षकांची तक्रारही पूर्ण खोटी नव्हती. त्या थेट ध्वनिमुद्रणांतला काही भाग आज ऐकताना मलाही थकवतो. पण पैशाचा आक्षेप मला त्याच्या बाजूचा पुरावा वाटतो. मिश्र प्रेक्षक बसवले तर गोरे येणार नाहीत, धंदा बुडेल, हे कारण तेव्हाचा प्रत्येक सभागृहमालक पुढे करत असे. ग्रांझने १९४० आणि ५० च्या दशकांत वर्षामागून वर्ष सभागृहं भरून दाखवली. त्यानंतर ते कारण देणाऱ्याला ते खरं कारण आहे असं म्हणायची सोय उरली नाही.

सरकारचं वागणं याच्या शेजारी ठेवून पाहावं. १९५८ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने डेव्ह ब्रूबेक या गोऱ्या पियानोवादकाचा चौकडी संच जगभर पाठवला, तो मुंबईतही आला. त्यात यूजीन राइट हा काळा बासवादक होता. अमेरिकेत काळे-गोरे कसे मिळून काम करतात याचं ते जिवंत प्रदर्शन होतं, आणि इथल्या रसिकांनी मनापासून दाद दिली. १९६० मध्ये तोच संच दक्षिणेतल्या महाविद्यालयांत दौऱ्यावर निघाला, तेव्हा बहुतेक महाविद्यालयांनी राइटच्या जागी गोरा वादक आणा असं सांगितलं. ब्रूबेकने त्या सगळ्या तारखा सोडल्या. ज्या खात्याने राइटला मुंबईच्या मंचावर मिरवलं, त्या खात्याच्या सरकारला त्याला आपल्याच देशातल्या महाविद्यालयात उभं करता आलं नाही. नुकसान सोसलं ते पुन्हा कलावंताने.

१९५७ नंतर ग्रांझने अमेरिकेतला वार्षिक दौरा बंद केला आणि युरोपात लक्ष घातलं. वादकांचे भाव चढले होते, न्यूपोर्टसारखे मोठे महोत्सव उभे राहिले होते, तरुण प्रेक्षक रॉक अँड रोलकडे वळला होता. कलम मात्र टिकलं, दुसऱ्यांच्या हातात. बीटल्सनी १९६४ मध्ये जॅक्सनव्हिलमध्ये वेगळ्या बसवलेल्या प्रेक्षकांपुढे वाजवणार नाही असं जाहीर केलं, आणि १९६५ च्या त्यांच्या करारात तशी अट लेखी आली. तोवर नागरी हक्क कायदा झाला होता, शिवाय बीटल्सना नाही म्हणण्याची हिंमत कुठल्याच सभागृहात नव्हती. ग्रांझने ती ओळ लिहिली तेव्हा कायदा समोरच्या बाजूचा होता आणि त्याच्याजवळ सॅक्सोफोन वाजवणारी काही माणसं होती.

१९९४ मध्ये अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण अकादमीने त्याला जीवनगौरव देऊ केला. तुम्हाला जरा उशीरच झाला, असं म्हणून त्याने तो नाकारला. काहींना तो उद्धटपणा वाटला असेल. मला ते रास्त वाटतं. मोठ्या रेकॉर्ड कंपन्या, बुकिंग एजन्सी, सभागृहांच्या साखळ्या यांच्याकडे १९४५ मध्ये ग्रांझच्या कितीतरी पट ताकद होती. एला फिट्झेराल्ड वीस वर्षं डेक्का कंपनीसाठी गात होती, देशभर फिरत होती, मागच्या दाराने आत जात होती. त्यातल्या एकाही मोठ्या घराने ग्रांझची ती एक ओळ आपल्या छापील करारात घातली असती तर कोलला बर्मिंगहॅममध्ये एकट्याने निर्णय घ्यावा लागला नसता. आज आपल्याकडे एखाद्या गायकाच्या मौनावर चर्चा होते तेव्हा मी त्या कार्यक्रमाच्या करारात काय लिहिलं आहे हे विचारतो. मंचामागे कुणाला कुठे बसवतात, साथीदारांना किती देतात, कुणाला कुठल्या दाराने आत घेतात. ही कागदपत्रं आयोजकाच्या कपाटात असतात, आणि ती मागायचा हक्क तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला आहे.